माझी छोटी लाइन

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात वाढलेल्या मराठी मुलाला गाण्याचा नाद लागला, तर त्याचे कोणाला नवल वाटत नसे. शंकर पंडित, कृष्णराव पंडित, राजाभैया पूछवाले ही गवयांची नावे आमच्या घरात रोजच्या बोलण्यातली होती; १९१८ साली सुरू झालेल्या माधव संगीत महाविद्यालयात नात्यातले कोणी ना कोणी शिकलेले असे, आणि डिसेंबरात तानसेन समारोह आला की घरातली मोठी माणसे शाली गुंडाळून रात्र रात्र तिथे जाऊन बसत. माझी थोरली बहीण त्याच वाटेने गेली आणि आजही गाते. मला मात्र वयाच्या आठव्या वर्षी ज्या गोष्टीने धरले आणि साठी उलटल्यावरही जिने सोडलेले नाही, ती म्हणजे ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी नॅरोगेज रेल्वे. शहरात तिला सगळे ‘छोटी लाइन’ म्हणत. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. लांबी मात्र जवळपास २०० किलोमीटर. इतक्या अरुंद रुळांवरून इतक्या लांब जाणारी दुसरी प्रवासी रेल्वे आपल्या देशात नव्हती.

मुलांना आगगाडी आवडते, यात नवीन काही नाही. पण आवडणे आणि आयुष्यभराचा ध्यास लागणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर माझ्या बाबतीत कशाने ओलांडले गेले याचा मी बराच विचार केला आहे. ग्वाल्हेर हे दिल्ली-मुंबईच्या मुख्य मार्गावरचे स्टेशन. पंजाब मेलसारख्या गाड्या मी लहानपणापासून पाहत होते. त्या भव्य होत्या, त्यांचा दरारा वाटे, पण त्या मोठ्या गाडीचे काम कसे चालते हे आठ वर्षांच्या मुलीला कळण्याचा काही मार्गच नव्हता. इंजिन फलाटाच्या दूरच्या टोकाला असे, त्याची चाके माझ्या डोक्याहून उंच असत, आणि काही विचारायच्या आत गाडी सुटून जाई. छोट्या लाइनचे इंजिन मला जवळून न्याहाळता येई, डबा हाताने चाचपता येई, सांधा बदलणारा माणूस कोणता दांडा ओढतो आणि त्याबरोबर रुळाची कोणती जीभ सरकते, हे दोन्ही एकाच नजरेत मावे. ही गाडी एका मुलाला पूर्ण समजावी एवढ्याच आकाराची होती, आणि ती सावकाश चालत असल्यामुळे समजून घ्यायला वेळही देत होती. एखादे मोठे, कामाचे यंत्र आपल्याला सगळेच्या सगळे कळू शकते, हा विश्वास मला तिने दिला. पुढे मी ज्याला माझा छंद म्हटले, तो त्या विश्वासाचाच विस्तार आहे.

माझी आत्या सबलगढला दिली होती. तिचे यजमान तिथे शाळेत शिक्षक होते, आणि सुट्टी लागली की आबा, म्हणजे माझे आजोबा, मला घेऊन आत्याकडे जात. आबांनी संस्थानच्या हिशेब खात्यात नोकरी केली होती. संस्थान विलीन होऊन वीस-बावीस वर्षे लोटली होती, तरी ते या रेल्वेला ‘सरकारची गाडी’ म्हणत, आणि त्यांच्या तोंडी सरकार म्हणजे शिंदे सरकारच असत. हिशेबाची त्यांना मनापासून आवड होती. कोणत्याही गोष्टीतला आकडा त्यांना आधी दिसे. प्रवासात मला कंटाळा येऊ नये म्हणून त्यांनी एकदा मनगटावरचे घड्याळ काढून माझ्या हातात दिले, खिडकीतून रुळांच्या कडेचा किलोमीटरचा खुंट दाखवला आणि सांगितले, “हा गेला की सेकंद मोजायला लाग आणि पुढचा आला की थांब. मग छत्तीसशेला त्या सेकंदांनी भाग.”

मी मोजले. आबांनी पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला भागाकार करून दाखवला. दोन खुंटांमध्ये १४४ सेकंद लागले असतील, तर गाडी ताशी २५ किलोमीटर वेगाने चालली आहे. १८० लागले असतील, तर ताशी २०. त्या क्षणापर्यंत वेग ही माझ्या दृष्टीने फक्त जाणवायची गोष्ट होती. तो एका घड्याळाने आणि एका भागाकाराने पकडता येतो, आणि तोही ड्रायव्हरला काही न विचारता, डब्यातल्या बाकावर बसल्या बसल्या, याचा मला इतका आनंद झाला की सबलगढ येईपर्यंत मी घड्याळ परत दिले नाही. चढावर आकडा कसा खाली येतो, वळणाच्या आधी ड्रायव्हर वेग कसा उतरवतो, स्टेशन सोडल्यावर किती अंतरात गाडी आपल्या चालीला लागते, हे मला त्या एका प्रवासात दिसू लागले. घोसीपुरा, मोतीझील, मिलावली, बामोर गाव, अंबिकेश्वर, सुमावली, थरा, जौरा अलापूर, भटपुरा, कैलारस, सेमई, पीपलवाली चौकी, सबलगढ ही स्टेशनांची नावे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. आजही झोप येत नसेल तेव्हा मी ती क्रमाने म्हणते.

या वाटेबद्दल थोडे सांगायला हवे. गाडी ग्वाल्हेर स्टेशनातून निघाली की आधी शहरातूनच जाई. घरांच्या मागच्या भिंती, वाळत घातलेले कपडे, फाटकाशी थांबलेले टांगे आणि सायकली, आणि मध्येच घरांच्या फटीतून दिसणारा किल्ला. मोतीझील मागे पडले की वस्ती विरळ होत जाई, आणि पुढे मुरैना जिल्ह्यातली सपाट शेते लागत. थंडीत गेले तर दोन्ही बाजूंना फुललेली मोहरी दिसे. फलाटावर गजक, म्हणजे तिळाची मिठाई, विकणारे येत. आबा गजक घेत ती फक्त परतीच्या प्रवासात, कारण जाताना घेतली तर ती आत्याच्या घरी पोहोचण्याआधी संपते, असा त्यांचा अनुभव होता.

आजीला हा प्रवास मुळीच पसंत नव्हता. चंबळच्या खोऱ्यातले डाकू त्या काळी ही काही ऐकीव गोष्ट नव्हती. जौरा, कैलारस, सबलगढ ही नावे वर्तमानपत्रात ज्या बातम्यांत येत, त्या बातम्यांमुळे तिची झोप उडत असे. आम्ही निघताना ती देवापुढे दिवा लावून बसे. १९७२ च्या एप्रिलमध्ये जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत जौऱ्याला डाकूंनी मोठ्या संख्येने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा तिला झालेला आनंद मला स्पष्ट आठवतो. तिचा राजकारणाशी संबंध नव्हता. आपली नात आता ज्या स्टेशनांवरून जाते ती स्टेशने निर्धास्त झाली, एवढाच त्या बातमीचा तिच्यापुरता अर्थ होता.

वाफेचे इंजिन मला जवळून दाखवले ते एका ड्रायव्हरने. गाडी वाटेत पाणी भरायला थांबे, आणि तो थांबा लांबलचक असे. फायरमन टाकीवर चढून जाड सोंड तोंडाशी लावी आणि पाणी आत पडल्याचा घोष सुरू होई. आबा मला हाताला धरून इंजिनापर्यंत नेत. ड्रायव्हर मुसलमान होता, उतारवयाचा, आणि आबांशी अदबीने बोले. एकदा त्याने मला वर उचलून घेतले आणि भट्टीच्या दाराच्या वर, बॉयलरच्या पाठीवर बसवलेली एक उभी काचेची नळी दाखवली. नळीत पाणी होते आणि इंजिन उभे असूनही ते किंचित वरखाली होत होते. बॉयलरच्या आत जितके पाणी, तितकेच या नळीत दिसते, असे त्याने सांगितले. हे पाणी नळीच्या तळाखाली गेले तर भट्टीचे छत उघडे पडते आणि मग इंजिनाची आणि आपली खैर नाही. त्यामुळे ड्रायव्हरचा एक डोळा रुळावर असतो आणि दुसरा या नळीवर. पितळी पट्ट्यांमध्ये बसवलेली ती हातभरही नसलेली काच, तिच्यातली पाण्याची हलती रेषा आणि तिच्या मागे धगधगणारी भट्टी, हे चित्र मी कागदावर किती वेळा काढले असेल, याचा हिशेब नाही.

त्याच माणसाने मला दुसरी एक गोष्ट सांगितली, आणि यंत्रांविषयीचे माझे प्रेम पक्के झाले ते तिच्यामुळे. मी त्याला विचारले होते की चढावर इंजिन एवढ्या जोराने ‘भक भक’ का करते. त्याने सांगितले ते असे. सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलून झाला की वाफेचे काम संपते, पण ती वाफ वाया घालवत नाहीत. ती एका नळीने धुराड्याच्या बरोबर खाली आणून जोराने वर सोडतात. ती वर जाताना आपल्याबरोबर धूर ओढून नेते, धूर गेल्यामुळे मागे पोकळी होते, आणि ती पोकळी भरायला भट्टीच्या खालून ताजी हवा आत खेचली जाते. हवा मिळाली की कोळसा जोराने पेटतो. म्हणजे चढ आला आणि इंजिनाला जास्त वाफ लागली, की तीच जास्त वाफ बाहेर पडताना आग आणखी फुलवते आणि आणखी वाफ तयार करते. इंजिन जितके कष्ट करील, तितकी त्याला ते कष्ट पेलायची ताकद मिळत जाते. हे कोणी माणूस नळ फिरवून घडवत नाही. त्या रचनेतच ते बसवलेले आहे. मी नंतर गणित शिकले, गणित शिकवले, अनेक सुंदर सिद्धता पाहिल्या. पण एखाद्या कल्पनेने अंगावर काटा येणे म्हणजे काय, हे मला त्या पाण्याच्या थांब्यावर पहिल्यांदा कळले.

घरी आल्यावर मी आबांना पुढचा प्रश्न केला. दोन सिलिंडर आहेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये वाफ दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने काम करते; मग चाक एकदा पूर्ण फिरले की किती ‘भक’ ऐकू येतील? चार, असे आम्ही दोघांनी मिळून काढले. पुढच्या प्रवासात ड्रायव्हरच्या परवानगीने मी सुतळीने उभ्या इंजिनाच्या चाकाचा परीघ मोजला. तो अडीच मीटरच्या आसपास भरला. आता खुंटांचीही गरज नव्हती. गाडी सुटताना भक ऐकायचे, चाराने भागायचे, परिघाने गुणायचे. वेग वाढला की ते आवाज एकमेकांत मिसळतात आणि कानाला सुटे धरता येत नाहीत, म्हणून ही रीत गाडी स्टेशन सोडत असतानाच चालते. पण नेमक्या त्याच वेळी खुंट उपयोगी पडत नाहीत, तेव्हा दोन्ही रीती मिळून प्रवासाचा सगळा आलेख काढता येई. झाशीला किंवा आग्र्याला मोठ्या गाडीने जायचे झाले, तर तिथे रुळांच्या जोडांचा खटका मोजायचा. जुन्या मार्गावर १३ मीटरचे रूळ असत, त्यामुळे साधारण ४७ सेकंदांत जितके खटके पडतील, तितका गाडीचा ताशी किलोमीटरमधला वेग. हे गणित मी दहाव्या वर्षी स्वतः मांडले आणि आबांनी तपासले. त्यांनी शाबासकी दिली नाही. त्यांनी पाकिटांऐवजी एक जाड पुठ्ठ्याची वही आणून दिली. ती माझी पहिली वही.

आबांकडून मला या रेल्वेचा इतिहासही मिळाला, आणि नंतर वाचून मी तो पडताळून घेतला. पाच फूट सहा इंची रुळांची मोठी रेल्वे आग्र्याहून ग्वाल्हेरला आली ती १८८१ साली, जयाजीराव शिंद्यांच्या कारकिर्दीत. छोटी लाइन ही त्यांचे चिरंजीव माधवराव यांची कामगिरी. माधवरावांचा जन्म १८७६ चा. यंत्रांचे त्यांना विलक्षण वेड होते, आणि ते स्वतः इंजिन चालवत, असे आबा मोठ्या अभिमानाने सांगत. आरंभी ही गाडी राजवाड्याच्या आवारापुरतीच होती. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती भिंड आणि शिवपुरीकडे गेली, आणि तिसरा फाटा टप्प्याटप्प्याने वाढत १९०९ साली श्योपूरला पोहोचला. १९५१ साली मध्य रेल्वे स्थापन झाली, तेव्हा सिंदिया स्टेट रेल्वे तिच्यात सामावली गेली. पुढे २००३ पासून हा भाग उत्तर मध्य रेल्वेच्या झाशी विभागात आला.

जयविलास राजवाड्याच्या संग्रहालयात जेवणाच्या लांब टेबलावर फिरणारी चांदीची छोटी आगगाडी आहे. पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट नेण्यासाठी ती माधवरावांनी करवून घेतली होती. ग्वाल्हेरला आलेला प्रत्येक पाहुणा ती बघतो, आणि तिच्याविषयी बोलतो. मीही शाळेच्या सहलीत ती पाहिली आणि मला ती आवडली. पण मला नेहमी वाटत आले आहे, आणि मी ते ठामपणे म्हणते, की माधवरावांच्या त्या वेडाचे खरे मोल राजवाड्याबाहेर होते. राजाने आपल्या हौसेची गोष्ट शेकडो खेड्यांच्या उपयोगाला लावली, आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ लोकांना, धान्याला, लाकडाला, शाळकरी मुलांना वाहून नेत राहिली. चांदीची गाडी काचेच्या कपाटाजवळ रांग लावून बघणारे आम्ही ग्वाल्हेरकर मात्र त्या दुसऱ्या गाडीकडे कधी कौतुकाने पाहायला शिकलो नाही.

दोन फुटांचेच माप का, हा प्रश्न मला पुढे कितीतरी वर्षे पुरला. उत्तर पैशांपासून सुरू होते. रूळ अरुंद असले की ते हलके चालतात, भराव कमी लागतो, पूल लहान होतात, वळण तीव्र घेता येते. ज्या मुलखातून फारसे उत्पन्न मिळणार नाही, तिथेही मग रेल्वे परवडते. पण या काटकसरीची किंमत पुढे रोज मोजावी लागते. डब्याची रुंदी रुळांमधल्या अंतराच्या कितीतरी पट असल्यामुळे डबा दोन्ही बाजूंना बाहेर लटकत असतो, त्याचा तोल सांभाळायचा म्हणून वेग कधीच वाढवता येत नाही. शिवाय मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळांवर जात नाही. त्यामुळे ग्वाल्हेरच्या आवारात हमालांना माल एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. पोती पाठीवर घेऊन दोन वेगवेगळ्या उंचीच्या वाघिणींमध्ये ये-जा करणारी माणसे मी पाहिली आहेत. १८५३ साली मुंबई ते ठाणे धावलेली पहिली गाडी रुंद मापाची होती. १८७० नंतर मीटरगेज आले, त्याशिवाय संस्थानिकांच्या आणि डोंगराळ भागांतल्या छोट्या रेल्वे आल्या. १९९२ पासून देशभर सगळे मार्ग एका मापाचे करण्याचा कार्यक्रम सुरू झाला, त्याचे कारण हीच पोत्यांची चढउतार होती. हे मला पटते. मी छोट्या लाइनवर प्रेम करते म्हणून त्या हमालांच्या पाठीवरचे ओझे विसरू शकत नाही.

मी रेल्वेत नोकरी केली नाही. त्या काळी आमच्यासारख्या घरातल्या मुलीने इंजिनाच्या शेडमध्ये नोकरीला जाणे कोणाच्या कल्पनेतही नव्हते, आणि मला स्वतःलाही ती इच्छा झाली नाही. मला गाडी चालवायची नव्हती, ती जाणून घ्यायची होती. मी गणित घेऊन शिकले आणि ग्वाल्हेरमध्येच शिकवले. वह्या मात्र वाढत गेल्या. कोणत्या स्टेशनावर किती मार्गिका, विहीर कुठे, पाण्याची टाकी कुठे, सांधे कोणत्या बाजूला, कोणत्या दोन खुंटांमध्ये चढ लागतो, कोणत्या मोरीवर कोणते साल कोरलेले आहे, अशा नोंदी मी प्रत्येक प्रवासात करत गेले. जाड पुठ्ठ्याची जुनी तिकिटे मी जपून ठेवली. तारखेच्या यंत्रात तिकीट सरकवल्यावर कडेला उमटणारा तो कोरडा ठसा अजून बोटाला लागतो. पुढे चित्तरंजनच्या कारखान्यात बांधलेली एनडीएम-५ वर्गाची डिझेल इंजिने आली आणि वाफेची गेली. भक मोजण्याची रीत तिथे संपली, पण खुंट होतेच. सासरच्या मंडळींना सुरुवातीला या सगळ्याचे आश्चर्य वाटले. माझ्या यजमानांनी मात्र लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत विचारले की माथेरानच्या गाडीचे मापही तेवढेच ना. आणि आम्ही नेरळला गेलो.

माथेरान आणि दार्जिलिंग, दोन्ही ठिकाणच्या गाड्या छोट्या लाइनच्याच मापाच्या. दार्जिलिंगची १८८१ ची, माथेरानची १९०७ ची. दार्जिलिंगच्या रेल्वेला १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्या दोन्ही गाड्यांतून प्रवास करताना माझे मन आनंदाने भरून आले, आणि त्याच वेळी एक गोष्ट खुपतही राहिली. त्या डोंगर चढतात. त्यांच्या खिडकीतून दऱ्या दिसतात, ढग दिसतात, म्हणून पर्यटक येतात, आणि पर्यटक येतात म्हणून त्या टिकतात. आमची गाडी मोहरीच्या शेतांतून जात असे. तिच्यात आणि टपावरही बसणारी माणसे बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला चाललेली असत. तिचे सौंदर्य तिच्या उपयोगात होते, आणि उपयोगाचे सौंदर्य जपण्याची आपल्याकडे अजून रीत पडलेली नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या. बाकीच्या पुन्हा सुरू झाल्या. छोटी लाइन झाली नाही. रुंद मार्गाचे काम आधीच ठरलेले होते, आणि आता नवी गाडी कैलारसपर्यंत धावू लागली आहे, पुढचे काम सुरू आहे. श्योपूरच्या लोकांनी यासाठी कित्येक वर्षे वाट पाहिली आहे. ज्या आजारी माणसाला ग्वाल्हेरच्या रुग्णालयात यायला दिवसभर बाकावर बसून राहावे लागे, त्याला माझ्या वह्यांच्या प्रेमाखातर आणखी तसेच बसवून ठेवा, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? २०२२ पासून कुनोच्या जंगलात चित्ते आले आहेत. त्यांच्या निमित्ताने तरी देशाला श्योपूर कुठे आहे ते कळले. तिथवर जलद गाडी जावी, हे योग्यच आहे. नव्या गाडीने मी माझ्या बहिणीच्या नातीला घेऊन गेले. तिथे रूळ लांबलचक सांधलेले आहेत, त्यामुळे खटका येत नाही; मी तिला किलोमीटरचे खुंट दाखवले आणि छत्तीसशेचा भागाकार शिकवला. तिने तो मोबाइलवर केला आणि उत्तर बरोबर आले.

माझी मागणी मर्यादित आहे आणि मी ती जिथे संधी मिळेल तिथे मांडते. शहरातून जाणारा जुना मार्ग नव्या रेल्वेच्या उपयोगाचा नाही. तेवढ्या तुकड्यावर एक डिझेल इंजिन आणि दोन-तीन डबे चालते ठेवावेत, आणि घोसीपुऱ्यासारखे एखादे स्टेशन त्याच्या सांध्यांसह, फलाटासह, तिकिटाच्या खिडकीसह जसे होते तसे राखावे. शाळेतल्या मुलांना तिथे नेऊन सांधा कसा बदलतो ते हाताने बदलून दाखवता आले पाहिजे. चौथऱ्यावर रंगवून उभे केलेले इंजिन मला पुरेसे वाटत नाही, कारण उभे इंजिन मुलाला काहीच सांगत नाही.

दरम्यान, मी माझ्या वह्या एकत्र करून स्टेशनवार लिहून काढते आहे. ग्वाल्हेर ते सबलगढ हा भाग पूर्ण झाला आहे, कारण तो मला बालपणापासून ठाऊक होता. त्यापुढचा भाग अवघड आहे. अनेक ठिकाणी रूळ उचलले गेले आहेत, इमारती पडू लागल्या आहेत, आणि कुनो नदीवरच्या जुन्या पुलाजवळच्या माझ्या नोंदी अपुऱ्या आहेत. त्या स्टेशनांवर काम केलेले गँगमन, पॉइंट्समन आणि फाटकवाले आसपासच्या गावांत राहतात. त्यांच्याशी बोलून कोणत्या पावसात मार्ग कुठे वाहून गेला, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटत असे, रात्रीच्या गाडीला कंदील कुठून दाखवत, हे मी टिपून घेते. पुढच्या थंडीत वीरपूर ते श्योपूर हा टप्पा घ्यायचा आहे. तिथल्या निवृत्त माणसांची वये पाहता त्याला आणखी उशीर करून चालणार नाही.